दोन्हीकडून सारखंच दिसतं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला दोन तोंडं आहेत. एकाच काचेकडे दोन माणसांनी एकाच वेळी बघावं म्हणून मला असं घडवलं. मधे दिवा, दिव्यावर काच ठेवायची पाटी, आणि दोन्ही बाजूंना डोळे लावायच्या नळ्या. एका बाजूला शिकवणारा बसतो, समोर शिकणारा. आमच्या विभागात मला लाडानं दुतोंड्या म्हणत. माणसाला हे नाव दिलं तर ती शिवी होते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण माझी दोन्ही तोंडं जन्मभर एकच गोष्ट सांगत आली. उलटसुलट बोलणारे सगळे माझ्या बाहेर, खुर्च्यांवर बसलेले असत.

मी घडलो तो कारखाना मला अंधुक आठवतो. भिंगं घासणाऱ्या बायका नाकाला फडकी बांधून बसायच्या. शेवटी तपासनीस आला, त्यानं काचेवर धुळीचा एक कण ठेवला, आधी या बाजूनं बघितला, मग उठून त्या बाजूनं. दोन्हीकडून कण सारखाच दिसला तेव्हा कुठे मला खोक्यात घातलं. मला वाटलं, आता आपल्या नशिबात नुसतं खरं दाखवायचं काम आहे, याहून चांगलं काय असणार! नव्या कोऱ्या वस्तू भोळ्याच असतात.

मी आलो तो एका मोठ्या इस्पितळात, रक्ताच्या आजारांच्या विभागात. खोली लहान, खिडकी उघडली की समोर पाण्याचे पाइप. शेजारच्या मोरीत काचा रंगवत, त्यामुळे ती मोरी कायमची जांभळी झालेली आणि इथे काम करणाऱ्यांची नखंसुद्धा. इथे माणसाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून येई आणि कधी कधी त्याच्या हाडातली मज्जाही येई. मज्जा म्हटल्यावर हसू नका. हाडाच्या पोकळीत जो मऊ गर असतो, जिथे रक्त तयार होतं, त्याला मज्जा म्हणतात. जाड सुई हाडात घालून ती काढतात. ज्याची काढतात त्याला त्यात काहीच मजा येत नाही.

त्या काचांकडे बघून आजार ओळखायचा, हे आमचं काम. ते शिकायला जे येत ते काही कच्चे विद्यार्थी नसत. शिकून सवरून डॉक्टर झालेले, लग्न झालेले, काहींचे केस पिकायला लागलेले. तरी पुन्हा शाळकरी होऊन ते माझ्यासमोर वर्षभर बसायचे. त्यांना फेलो म्हणत. वर्ष संपलं की विभागप्रमुखानं सांगायचं, की याचा डोळा आता तयार झाला, याला एकट्याला निदान करू द्या. तेवढ्या एका वाक्यासाठी ही मोठी माणसं घरदार सोडून येत.

माझी पहिली सगळी वर्षं मोठ्या बाईंच्या हाताखाली गेली. त्या विभागप्रमुख होत्या, ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक म्हणजे आधी रक्ताची काच बघायची, मग मज्जेची. मज्जा फसवते, म्हणायच्या, रक्त सहसा फसवत नाही. आणि दुसरी, समोरच्या खुर्चीतल्यानं आधी बोलायचं. शिकणाऱ्यानं जे दिसतंय ते सांगायचं, चुकलं तर चुकू दे, आणि तो गप्प झाल्यावर मगच बाई तोंड उघडायच्या. एखादा बुजरा फेलो वाट बघत बसला तर बाईही डोळा लावून बसून राहायच्या. चहा गार व्हायचा, बाहेर माणसं ताटकळायची, पण बाई पहिला शब्द उच्चारायच्या नाहीत. एकदा एकानं धीर करून विचारलं की असं का, तर म्हणाल्या, "मी आधी बोलले तर तुला तेच दिसायला लागेल. मग दुसरी नळी कशाला हवी?"

त्यांच्या शेवटच्या वर्षी एक फेलो आली. बघता बघता ओठातल्या ओठात बोलायची तिला सवय. लाल पेशी मोठ्या, आकार लांबट, ही पांढरी जरा वेगळी, असं तिचं अखंड चाललेलं असे. बाईंनी तिचं नाव पुटपुटी ठेवलं. तिची दोन वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी आजीकडे होती. दुपारी जेवणाच्या सुटीत पुटपुटी माझ्या शेजारीच फोन घेऊन बसायची आणि मुलगी पलीकडून काहीबाही बोबडं बोलायची. वर्ष संपलं की आई येणार, मग कुठ्ठे जाणार नाही, हे त्या दोघींचं रोजचं ठरलेलं बोलणं होतं. मला पुटपुटी आवडायची. तिचा डोळा चांगला होता आणि तो चांगला आहे हे तिला माहीत नव्हतं.

आणखी एका जोडप्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे. दर वर्षी माझी साफसफाई करायला एक कारागीर येत. सगळे त्यांना भिंगवाले काका म्हणत. त्यांच्याबरोबर काकूही यायच्या. काका माझे भाग सुटे करायचे आणि निघालेले बारीक स्क्रू काकूंच्या हातातल्या बशीत टाकायचे. एवढंसं बशी धरायचं काम, पण काकू ते अगदी मन लावून करत. बोलणं मात्र थांबायचं नाही. काकांनी शर्टाला हात पुसले, काकांनी चष्मा परत कुठे ठेवला, सगळं कानावर घालायच्या, आणि काका हं हं करत भिंगं पुसायचे. शेवटी काका काचेवर एक ठिपका ठेवून आधी एका खुर्चीत बसायचे, मग दुसऱ्या. काकूंना दोन्हीकडून बघायला लावायचे. काकू म्हणायच्या, "दोन्हीकडून सारखंच दिसतं हो. चला आता." एवढं ऐकल्यावर मी पुढच्या वर्षासाठी तयार.

पुटपुटीचं अर्धं वर्ष झालं आणि मोठ्या बाई निवृत्त झाल्या. समारंभ झाला, हार झाले. जाताना बाईंनी माझ्या दिव्याचं बटण एकदा लावलं, बंद केलं आणि गेल्या.

त्यांच्या जागी साहेब आले. उगाच खोटं कशाला बोलू, साहेब हुशार होते. काच ठेवली की निदान तोंडात तयार. त्यांच्या या वेगाची इस्पितळात वाहवा होती. दिवसाला बाई जेवढ्या काचा बघायच्या त्याच्या दुप्पट साहेब हातावेगळ्या करायचे. आधी रक्त बघायची पद्धत त्यांना वेळखाऊ वाटली, ती गेली. समोरच्यानं आधी बोलायची पद्धत तर त्यांना पोरखेळच वाटला. आता साहेब बोलायचे, समोरचा लिहायचा, आणि लिहून व्हायच्या आत साहेब खुर्ची मागे सारून उठता उठता म्हणायचे, "काही शंका?" उठलेल्या माणसाला कोण शंका विचारणार!

एकानं विचारली होती. पुटपुटीच्या दोन-तीन महिने आधी आलेला एक उंच फेलो होता. त्याला एका काचेत साहेबांपेक्षा वेगळं दिसलं आणि त्यानं ते सगळ्यांदेखत सांगितलं. साहेब रागावले नाहीत, हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या उंच्याला नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. त्याचं वर्ष संपलं तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं, की हा अजून कच्चा आहे, याला आणखी एक वर्ष राहू द्या. त्या काचेत कोण बरोबर होतं, ते पुढे कुणी बघितलंच नाही. पण बाकीच्या फेलोंनी जे समजायचं ते समजून घेतलं. पुटपुटीचं पुटपुटणं त्या आठवड्यात बंद झालं.

आणि मग काकूंची काच आली.

काकू बरेच दिवस थकलेल्या असायच्या. अंगातलं रक्त फार कमी झालं, ताप येऊ लागला, म्हणून काकांनी त्यांना आमच्याच इस्पितळात आणलं. जिथे आपण काम करतो तिथली माणसं आपल्याकडे नीट बघतील असा त्यांचा विश्वास. रक्त घेतलं, मज्जा काढली. पुटपुटीनं बाईंची सवय अजून सोडली नव्हती. सकाळी साहेब यायच्या आधी ती एकटीच रक्ताच्या काचा बघून घ्यायची. काकूंची काच तिनं माझ्याखाली लावली आणि कितीतरी दिवसांनी मला तिचं पुटपुटणं ऐकू आलं. लाल पेशी मोठ्या आणि अंडाकृती होत्या. एका जातीच्या पांढऱ्या पेशीच्या पोटातल्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात. काकूंच्या पेशींना सहा-सहा होत्या. "सहा पाकळ्या," ती म्हणाली, "ही सहा, हीसुद्धा सहा."

मित्रांनो, याचा अर्थ मी सांगतो. शरीरात एका जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडला की रक्त असं दिसतं. त्याच दुष्काळात मज्जेतल्या पेशीही थोराड आणि कोवळ्या दिसायला लागतात, इतक्या की नुसती मज्जा बघणाऱ्याला त्या कर्करोगाच्या कोवळ्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, वाटाव्यात आणि आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. दिसायला दोन्ही आजार जुळ्या भावांसारखे, पण एक साध्या इंजेक्शनांनी बरा होतो आणि दुसऱ्याला विषासारखी औषधं द्यावी लागतात. म्हणून तर बाई आधी रक्त बघायला लावायच्या. पुटपुटीला हे पाठ होतं. तिनं रक्ताची काच पुसून ट्रेमधे वरच ठेवली, साहेबांच्या हाताशी.

साहेब आले ते घाईत. त्यांना बैठकीला जायचं होतं, आणि वॉर्डमधून दोनदा फोन येऊन गेला होता की काकूंचा ताप वाढतोय, काय ते सांगा. साहेबांनी ट्रेमधून मज्जेची काच तेवढी उचलली. दोघांनी डोळे लावले. माझ्या दिव्याच्या उजेडात काकूंची मज्जा होती, थोराड, कोवळ्या पेशींनी गच्च भरलेली. साहेबांनी काच जेमतेम इकडून तिकडे सरकवली.

"ब्लास्ट आहेत सगळे. ल्युकेमिया. लिहा, आणि वॉर्डला कळवा, उद्या औषध सुरू करा म्हणावं."

पुटपुटीनं लिहिलं नाही. तिचा डोळा माझ्या नळीला इतका घट्ट लागला होता की पापण्यांची थरथर मला कळत होती. तिचे ओठ हलले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल गं बाई, ट्रेमधे काच आहे, नुसता हात पुढे कर. पण साहेबांची खुर्ची मागे सरकली होती.

"काही शंका?"

तिच्या डोळ्यांपुढे त्या वेळी काय आलं ते मला ठाऊक आहे, कारण दुपारचे फोन मीच ऐकत होतो. आजीच्या घरातली ती मुलगी आली असणार, आणि बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणारा उंच्या. साहेबांचं चुकत असेल असंही तिला पुरतं वाटलं नसेल. एवढा मोठा माणूस, आणि मी काल आलेली. शिवाय पेशींच्या खुणा तपासायला नमुना बाहेरगावी पाठवलाच आहे, तिकडून कळेलच की, असंही तिनं मनाला सांगितलं असेल. गप्प बसायचं ठरलं की कारणांना तोटा नसतो.

"नाही सर," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी काकूंना औषध सुरू झालं. आधीच रिकाम्या झालेल्या रक्तात त्या औषधानं होत्या नव्हत्या त्या पेशीही मारल्या. मग साध्या जंतूंनाही अडवायला कुणी उरलं नाही. बाहेरगावचा निकाल आला तेव्हा त्यात कर्करोगाची एकही खूण नव्हती. मागाहून कुणीतरी जीवनसत्त्व मोजलं, ते जवळजवळ नव्हतंच. पण तोवर काकू गेल्या होत्या.

विभागात बैठक झाली. साहेब म्हणाले, केस अवघड होती, अशी फसगत भल्याभल्यांची होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. निदान बदलून लिहिलं गेलं आणि चहा आला. समोरच्या खुर्चीत त्या दिवशी कोण होतं, तिला काय दिसलं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही. पुटपुटी मागच्या रांगेत मूग गिळून बसली होती. मला दोन तोंडं असून त्यातलं एकही बोलत नाही, याची मला जन्मात पहिल्यांदा चीड आली.

काही दिवसांनी काका माझ्या साफसफाईला आले. त्यांना नाही म्हणता आलं असतं, पण ते आले. बशी त्यांनी टेबलावर ठेवली आणि स्क्रू स्वतःच त्यात टाकत राहिले. एक स्क्रू गडगडत खाली गेला, तो वाकून शोधला. त्या दिवशी त्यांनी मला जितकं पुसलं तितकं आजवर कधी पुसलं नव्हतं. मग ठिपका ठेवून ते एका खुर्चीत बसले, उठून दुसऱ्या खुर्चीत बसले, परत पहिल्या. किती वेळा त्यांनी खुर्च्या बदलल्या! पुटपुटी दारातून बघत होती. काकांनी तिला हाक मारली.

"मॅडम, वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, काचेखाली फसगत झाली. तुम्ही बसला होता ना इथं?"

ती हो म्हणाली.

"तुमच्या बाजूनं नीट दिसत होतं का? मागच्या खेपेला मी हे भिंग जरा घाईत बसवलं होतं. हिला बरं नव्हतं, घरी लवकर जायचं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही."

मित्रांनो, मी लोखंडाचा आणि काचेचा आहे, पण त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. हा माणूस बायकोच्या मरणाचा दोष माझ्या भिंगात शोधत होता, म्हणजे स्वतःच्या हातात शोधत होता.

"भिंग स्वच्छ होतं, काका," पुटपुटी म्हणाली. "अगदी नीट दिसत होतं."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून सारखंच दिसतं."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिचे आभार मानले, हात जोडून मानले. नीट दिसत होतं तर मग झालं काय, हे त्यांनी विचारलं नाही. कदाचित सुचलं नसेल, कदाचित विचारायचं त्राण नसेल. त्यांनी बशी पुसून पिशवीत घातली आणि ते गेले. पुटपुटी त्यांच्यामागे दोन पावलं गेली, दारापाशी थांबली आणि परत येऊन समोरच्या खुर्चीत बसली. माझा दिवा बंद होता, काच नव्हती, तरी तिनं नळीला डोळा लावला. "सहा पाकळ्या," ती म्हणाली. ऐकायला मी एकटा होतो.

तिचं वर्ष वेळेवर संपलं. निरोपाच्या वेळी साहेबांनी तिची तोंडभरून स्तुती केली. हिचा डोळा तयार झालाय, म्हणाले, आणि हिच्याबरोबर काम करताना कधी त्रास झाला नाही. टाळ्या वाजल्या. ती आपल्या मुलीकडे गेली. काका पुढे येईनासे झाले. माझी भिंगं पुसायला मग कुणीच आलं नाही.

बरीच वर्षं गेली. साहेब आणखी मोठ्या पदावर गेले. आणि एक दिवस विभागप्रमुख म्हणून कोण यावी? पुटपुटी. आता तिला कुणी पुटपुटी म्हणत नाही, मॅडम म्हणतात. आल्या आल्या तिनं माझ्यावरचं धुळकट कापड स्वतः काढलं, दोन्ही खुर्च्या मांडल्या आणि सगळ्या फेलोंना गोळा करून सांगितलं, की इथे आधी रक्त बघायचं, आणि समोरच्यानं आधी बोलायचं. मला वाटलं, काकूंचं थोडं तरी देणं फिटलं.

पहिलं वर्ष तसं गेलंही. मग कामं वाढली. काचांची छायाचित्रं काढून पडद्यावर दाखवणारं नवं यंत्र आलं, ते संशयास्पद पेशींना आपणच लाल चौकोन करून दाखवायचं. आसपासच्या गावांतल्याही काचा आमच्याकडे यायला लागल्या. मॅडम कुणावर ओरडायच्या नाहीत, कुणाला शिक्षा करायच्या नाहीत. त्यांना फक्त वेळ नसायचा. एखादा फेलो अडखळायला लागला की त्या त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायच्या, मायेनंच. मग वाक्याची सुरुवातही त्याच करायला लागल्या. मी कोपऱ्यात सरकलो. माझ्या एका नळीला कुणीतरी डब्याची पिशवी अडकवायला लागलं. पडद्यावर समजलं नाही असं काही निघालं तरच मला पुसून पुढे ओढत.

आज असंच मला पुढे ओढलं. मज्जेची काच होती. कुणाची ते मला माहीत नाही, मला आता कुणी माणसं माहीत नसतात. मॅडम एका बाजूला बसल्या, समोर नवीन फेलो, शांतसा मुलगा. त्यानं ट्रेमधे रक्ताची काच वरच ठेवली होती. मॅडमच्या हाताला ती लागलीसुद्धा, पण त्यांनी तिच्याखालची उचलली. दोघांनी डोळे लावले. मॅडमनी काच इकडून तिकडे सरकवली, काय आहे ते सांगितलं आणि तो लिहायला लागला. बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला.

"काही शंका?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम."

त्या निघून गेल्या. तो मुलगा मात्र उठला नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा माझ्या नळीला डोळा लावला. त्याचे ओठ हलत होते.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी हात जोडून काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, झाका, अडगळीत टाकू नका, असं म्हणतात. मला यातलं काही नको. उद्या मला भंगारात घाला, मी हूं का चूं करणार नाही. पण तुमच्यातलं कुणी पुढे मोठं होऊन माझ्यासारख्या यंत्रापाशी बसलं, तर समोरच्या खुर्चीतल्याला आधी बोलू द्या, आणि त्याचं बोलून होईपर्यंत आपल्या खुर्चीवरून उठू नका. त्या मुलाचा डोळा अजून माझ्या नळीला लागलेला आहे, आणि त्याच्या समोरची खुर्ची रिकामी आहे.